संमतीपत्र मिळालं, अटींचं काय? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

उद्योग, खाणी, पाणी आणि पर्यावरण कायदे या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक वाक्य सारखं आहे : ‘आमचा सल्लागार सगळं बघतो.’ अर्ज भरणं, अहवाल तयार करणं, पोर्टलवर चढवणं ही कामं सल्लागार करतो, हे खरं. पण संमतीपत्रावर, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीवर, नाव कारखान्याचं असतं. जल कायद्याच्या कलम ३३अ खाली वीज-पाणी तोडण्याचा आदेश निघतो तोही कारखान्याच्याच नावानं. त्यामुळे मालकाला, पर्यवेक्षकाला किंवा गावकऱ्याला स्वतः तपासता येतील अशा गोष्टींवर इथे भर दिला आहे.

प्रश्न : आमची रोज १०,००० लिटर दूध हाताळणारी डेअरी आहे. पनीर आणि तूपही करतो. ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) आहे, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नमुन्यात बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला मिलिग्रॅममध्ये) कधी २५ येतो, कधी २८०. आमच्या संमतीपत्रात मर्यादा ३० आहे. दर दोन महिन्यांनी जिवाणूंचं कल्चर टाकतो, तरी फरक पडत नाही. — डेअरीचालक, फलटण

कल्चर टाकणं आधी थांबवा. आकडा एका नमुन्यात २५ येतो, याचा अर्थ तुमच्या टाकीतले जिवाणू काम करतात. दुसऱ्या वेळी तो २८० वर जातो, कारण काही दिवशी त्यांच्यावर न पेलणारा भार येतो. तो भार कुठून येतो ते शोधायला हवं, आणि तुमच्या पत्रातच त्याचा माग आहे : पनीर.

हिशेब करून बघा. डेअरीचं रोजचं धुण्याचं पाणी साधारण २०,००० लिटर आणि त्याचा बीओडी लिटरला १,००० मिलिग्रॅम धरला, तर दिवसाला २० किलो बीओडी ईटीपीत जातो. आता २,००० लिटर दुधाचं पनीर केलं, की सुमारे १,६०० लिटर निवळी सुटते. निवळीचा बीओडी लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅम असतो. ४०,००० धरला तर एकट्या निवळीतून ६४ किलो. म्हणजे पनीरच्या दिवशी ईटीपीवर चौपट भार पडतो, तोही दोन-तीन तासांत. असा धक्का पचवणारी एरेशन टाकी (जिवाणूंना हवा देऊन पाणी साफ करणारी) आणि ब्लोअर (ती हवा सोडणारं यंत्र) छोट्या डेअरीत कुणी बसवत नाही आणि बसवूही नये. निवळीसाठी वेगळी पाइपलाइन आणि वेगळी टाकी करा. ती जनावरांच्या खाद्यासाठी रोजच्या रोज उचलली जाईल अशी व्यवस्था लावा आणि उचललेल्या लिटरची नोंद ठेवा. निवळीच्या व्हॅटखालचा गटाराकडे जाणारा व्हॉल्व्ह काढून तिथे डमी प्लेट मारा. व्हॉल्व्ह राहिला, तर घाईच्या दिवशी तो कुणीतरी उघडतोच.

सांडलेल्या दुधाचंही तेच. निव्वळ दुधाचा बीओडी लिटरला सुमारे एक लाख मिलिग्रॅम असतो. टँकर उतरवताना होजमध्ये उरलेलं १० लिटर दूध गटारात सोडलं, तर ते एक किलो बीओडी झालं. होज बादलीत निथळून मग धुवावा.

पुढचा मुद्दा सीआयपीचा, म्हणजे यंत्रं न उघडता रसायनांनी आतून धुण्याचा. कॉस्टिकची धुलाई पीएच १२ पर्यंत नेते, नायट्रिक आम्लाची २ पर्यंत खाली आणते. दोन्ही एकापाठोपाठ थेट एरेशनमध्ये गेलं तर जिवाणू मरतात आणि मग ‘कल्चर कमी पडलं’ असा समज होतो. इक्वलायझेशन टाकीत (सगळं सांडपाणी आधी एकत्र मिसळण्याच्या टाकीत) किमान दिवसभराचं पाणी मावलं पाहिजे आणि तळाशी हवा सोडून ते सतत ढवळलं गेलं पाहिजे. नुसती साठवण असेल तर आम्ल-अल्कली थरांत राहतात, शिवाय पाणी सडून वास मारतं. एरेशनकडे पंप सुरू करण्याआधी पीएच ६.५ ते ८.५ मध्ये आला का, ते पट्टीनं नव्हे तर मीटरनं बघा. मीटर दर आठवड्याला ४, ७ आणि ९.२ च्या बफरनं लावून घ्या.

एरेशन टाकीत रोज सकाळी एक साधी चाचणी करा. टाकीतलं ढवळलेलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरा, ३० मिनिटं न हलवता ठेवा आणि खाली बसलेला गाळ किती मिलिलिटर झाला ते लिहा. याला एसव्ही-३० म्हणतात. गाळ ३०० मिलिलिटर आणि एमएलएसएस (टाकीतल्या तरंगत्या गाळाचं प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ३,००० असेल, तर ३०० गुणिले १,००० भागिले ३,००० म्हणजे निर्देशांक १०० येतो, गाळ छान बसतोय. हाच आकडा १५० च्या वर जाऊ लागला, की गाळ फुगतोय, गाळ बसवण्याच्या दुय्यम टाकीवरून वाहून जाणार आणि बीओडी आणि टीएसएस (पाण्यातले तरंगते कण) दोन्ही चढणार. फुगण्याची डेअरीतली नेहमीची कारणं दोन : ऑक्सिजन कमी आणि चरबी जास्त. विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद करण्याची सवय आम्हाला सर्वांत घातक वाटते. सकाळी पाणी काळपट आणि कुजकट दिसलं तर रात्री ब्लोअर बंद होता, असं खुशाल समजा. तुपाच्या विभागापुढचा ग्रीस ट्रॅप रोज हातानं काढावा लागतो. आठवड्यानं काढला तर चरबी पुढे सरकलेली असते.

आता नमुन्याबद्दल. मंडळाचे अधिकारी कायदेशीर नमुना घेतात तेव्हा जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तुम्हाला तिथल्या तिथे नोटीस दिली जाते आणि तुम्ही मागणी केलीत तर नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही सीलबंद, सहीनिशी केले जातात. मागणी करा, तो तुमचा हक्क आहे. त्याच वेळी त्याच ठिकाणचा आणखी एक नमुना स्वतःच्या प्रयोगशाळेकडे पाठवा. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली हवी, कारण प्लॅस्टिकला तेल चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. बीओडीचा नमुना ४ अंशाला बर्फात ठेवून २४ तासांच्या आत लावला गेला पाहिजे. दुपारी उन्हात गाडीच्या डिकीत फिरलेल्या बाटलीचा अहवाल कुणालाच उपयोगाचा नाही.

प्रश्न : दीड हेक्टरवर काळ्या दगडाची खाण आणि खडी क्रशर सुरू करायचा आहे. ५ हेक्टरच्या आत पर्यावरण मंजुरी लागत नाही असं ऐकलं, ते बरोबर आहे का? — शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा

बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातल्या आदेशानंतर ५ हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या (दगड, वाळू, मुरूम यांसारख्या) खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. त्याची सविस्तर पद्धत केंद्राच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेत आली. त्यात जिल्हास्तरीय प्राधिकरणं नेमली होती, पण राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१८ च्या आदेशानंतर प्रकरणं राज्यस्तरावर, म्हणजे ‘सिया’ (राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण) आणि ‘सीॲक’कडे (त्याची तज्ज्ञ समिती) जाऊ लागली.

क्रम असा धरा : गौण खनिज नियम, २०१३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, तिथून इरादापत्र, मग मान्यताप्राप्त व्यक्तीकडून खाण आराखडा आणि त्याची मंजुरी, मग केंद्राच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचा अर्ज, मंजुरीनंतर खाणपट्टा, आणि मंडळाचं संमतीपत्र. खाणीची मंजुरी आणि क्रशरचं संमतीपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही.

अर्ज अडकतात ते बहुधा क्लस्टरवर. तुमच्या खाणीच्या हद्दीपासून दुसऱ्या खाणीची हद्द ५०० मीटरच्या आत असेल आणि दगड तोच असेल, तर दोन्ही एका क्लस्टरमध्ये मोजल्या जातात. क्लस्टरचं एकूण क्षेत्र ५ हेक्टरच्या वर गेलं तर पर्यावरण आघात अभ्यास आणि जनसुनावणीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून जमीन घेण्याआधीच तहसीलमधून ५०० मीटरच्या आतल्या सगळ्या खाणपट्ट्यांची यादी मागा आणि गटाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोजून घ्या. जिल्हा सर्वेक्षण अहवालात तुमचा गट आहे का, हेही त्याच वेळी पाहा.

परवानगीनंतरची सर्वांत महाग चूक एककाची असते. मंजुरीत वार्षिक उत्पादन घनमीटरमध्ये किंवा टनात लिहिलेलं असतं, वाहतूक पास निघतात ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. १०,००० घनमीटर म्हणजे जवळपास ३,५३१ ब्रास. पण कातळातला एक घनमीटर फोडला की सुटा माल दीड घनमीटरच्या वर भरतो. मंजुरीतला आकडा कातळाचा की सुट्या मालाचा, हे खाण आराखड्यात स्पष्ट लिहून घ्या आणि महाखनिज या राज्याच्या पोर्टलवरच्या पासांची बेरीज दर महिन्याला त्याच्याशी ताडून पाहा. वर्षअखेरीस बेरीज केली आणि मर्यादा ओलांडलेली निघाली, तर त्यावर उपाय नसतो.

क्रशरच्या धुळीची मर्यादा कायद्यात थेट दिलेली आहे : यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर मोजलेली तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. धूळ उडते त्या जागा ठरलेल्या आहेत : हॉपरमध्ये डंपर ओतताना, जॉच्या (दगड पहिल्यांदा फोडणाऱ्या जबड्याच्या) खाली, दुय्यम क्रशरच्या तोंडाशी, चाळणीवर, आणि बेल्टवरून ढिगावर पडताना. पाणी दगड फुटण्याआधी हॉपरवर मारा. फुटल्यावर मारलेलं पाणी उशिराचं असतं. चाळणी पत्र्यानं पूर्ण बंद करा, बेल्टवर झाकण घाला आणि ढिगावर पडण्याची उंची कमी ठेवा. नोझल बंद पडतात ते बोअरच्या जड पाण्यानं आणि गाळानं. पंपापुढे गाळणी बसवली नाही तर महिन्याभरात अर्धी नोझल कोरडी होतात. एप्रिल-मे मध्ये पाणी आटलं की फवारे थांबतात पण क्रशर चालू राहतो. गावातल्या तक्रारी नेमक्या तेव्हाच्या असतात आणि त्या खऱ्या असतात. उन्हाळ्याचं पाणी कुठून आणणार, हे अर्जातच लिहा.

प्रश्न : २५० केव्हीएच्या जनरेटरची चिमणी किती उंच हवी? — हॉटेलचालक, रत्नागिरी

केव्हीएचं वर्गमूळ काढा, त्याला ०.२ नं गुणा, येईल तितके मीटर इमारतीच्या उंचीत मिळवा. २५० चं वर्गमूळ १५.८, म्हणजे ३.१६ मीटर. जनरेटर ज्या इमारतीला लागून आहे ती ८ मीटर असेल तर चिमणीचं तोंड जमिनीपासून ११.२ मीटरवर. आवाजासाठी ध्वनिरोधक खोकं लागतं, ज्याच्या बाहेर एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज यायला नको. खोक्याचं दार उन्हाळ्यात उघडं ठेवून चालवलं तर खोकं असून नसल्यासारखं.

प्रश्न : आमच्या भागात खाणीची जनसुनावणी लागली आहे. आघात मूल्यांकन अहवाल ६०० पानांचा आहे. आम्ही त्यात काय बघायचं, आणि बोललेलं नोंदलं जातं का? — ग्रामपंचायत सदस्य, चंद्रपूर जिल्हा

आधी प्रक्रिया. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात येते. अहवालाचा मसुदा आणि त्याचा स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, जिल्हा उद्योग केंद्र आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात पाहायला ठेवावा लागतो. सुनावणीत जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी असतो आणि मंडळाचा प्रतिनिधी असतो. चित्रीकरण होतं. कोरम नसतो, म्हणून कमी लोक आले तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. त्यामुळे बहिष्कार घालण्यापेक्षा हजर राहून लेखी द्यावं, असं आमचं ठाम मत आहे. लेखी हरकत सुनावणीआधीही मंडळाकडे देता येते, पोच घ्या. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवून त्यावर सही होते. तुमचा मुद्दा त्यात आला नाही, तर तो तिथेच उभं राहून नोंदवून घ्या.

आता अहवाल. सगळी ६०० पानं वाचण्याची गरज नाही. पहिलं, मूळ माहिती कधी गोळा केली ते पाहा. हवेचे नमुने पावसाळा सोडून एका हंगामात, १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, २४ तासांचे असतात. तारखा दिलेल्या असतात. त्या काळात यंत्र गावात बसवलेलं कुणी पाहिलं का? ते कुणाच्या घराच्या गच्चीवर होतं? हवेची केंद्रं नकाशावर शोधा आणि वाऱ्याच्या दिशेच्या आकृतीशी ताडा. वारा खाणीकडून ज्या गावाकडे जातो त्या गावात केंद्र नसेल, तर ते लेखी विचारा. पीएम १० ची (१० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची) २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि पीएम २.५ ची ६०. अहवालातले आकडे खाण नसतानाच ९० च्या आसपास असतील, तर खाणीची आणि ट्रकांची धूळ मिळवल्यावर मर्यादा कशी पाळणार, हा सरळ बेरजेचा प्रश्न आहे.

दुसरं, विहिरी. इथे थोडा वेळ द्या, कारण शेतीचं नुकसान बहुधा इथून होतं. खाणीची अंतिम पातळी अहवालात समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. तुमच्या विहिरीच्या तोंडाची पातळी नकाशावरून काढा आणि विहिरीची खोली वजा करा. समजा विहिरीचं तोंड २१० मीटरवर आहे आणि विहीर १४ मीटर खोल आहे, तर तळ १९६ वर आला. खाण १६५ पर्यंत जाणार असेल, तर ती तुमच्या विहिरीच्या तळाखालीही तब्बल ३१ मीटर उतरणार. पाणी उपसल्याशिवाय तिथे खाण चालणारच नाही आणि उपसा सुरू झाला की पाणी चहूबाजूंनी खाणीकडे ओढलं जातं. मग विचारा : दिवसाला किती घनमीटर उपसा, त्याला केंद्रीय भूजल प्राधिकरणाची परवानगी आहे का, उपशाचा परिणाम किती अंतरापर्यंत दाखवलाय, त्या अंतरातल्या विहिरींची यादी कुठे आहे? यादीत तुमची विहीर नसेल तर सातबारा जोडून ती घालायला लावा. आणि आजच विहिरीची पातळी मोजायला सुरुवात करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्याच महिन्यांत तुम्ही मोजलंत तर दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात. ग्रामपंचायतीच्या ठरावात नोंदवलेली खाणीआधीची पातळी नंतर भरपाई मागताना उपयोगी पडते.

तिसरं, वनस्पती-प्राण्यांची यादी. दुसऱ्या अहवालातून उचललेली यादी लगेच ओळखू येते, कारण आपल्या भागात न वाढणारी झाडं त्यात असतात आणि बांधावरचा मोह, नाल्याकाठचा अर्जुन गायब असतो. असं आढळलं तर पान क्रमांकासह लिहा. चुकीची किंवा दडवलेली माहिती हे मंजुरी नाकारण्याचं किंवा रद्द करण्याचं कारण अधिसूचनेतच दिलेलं आहे.

मंजुरी मिळाली तर प्रकल्पधारकाला ७ दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत तसं जाहीर करावं लागतं. हरित लवादाकडे अपील ३० दिवसांत करायचं, पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सूट मिळू शकते, त्यापुढे नाही. महाराष्ट्रासाठी लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे.

प्रश्न : फळांच्या पल्पचा छोटा कारखाना आहे. बोअरमधून रोज ८,००० लिटर पाणी घेतो, विस्तारानंतर २५,००० लागेल. भूजल परवानगी लागेल का? — उद्योजक, जळगाव जिल्हा

सप्टेंबर २०२० च्या केंद्रीय भूजल मार्गदर्शक सूचनांनुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांना दिवसाला १० घनमीटरखालच्या उपशासाठी ना हरकत लागत नाही. ८,००० लिटर म्हणजे ८ घनमीटर, आज तुम्ही सूट मिळणाऱ्यांत आहात. २५ वर गेलात की बाहेर. परवानगी विस्ताराच्या आधी घ्या, आणि त्याहीआधी तुमचं भूजल मूल्यांकन क्षेत्र (भूजल मोजण्यासाठी ठरवलेला भाग) कोणत्या वर्गात आहे ते पाहा. अतिशोषित क्षेत्रात विस्तारासाठी वाढीव उपसा मंजूर होत नाही. यंत्रांची ऑर्डर देऊन झाल्यावर हे कळलं, तर टँकर किंवा दुसरी जागा एवढंच उरतं.

परवानगीबरोबर प्रत्येक बोअरला टेलिमेट्रीचं (आकडे आपोआप दूर पाठवणारं) डिजिटल मीटर येतं, आणि निरीक्षणासाठी पायझोमीटर, म्हणजे फक्त भूजलाची पातळी मोजण्याचा बोअर. तो उपशाच्या बोअरपासून किमान ५० मीटर लांब, ४ ते ६ इंच व्यासाचा आणि त्याच जलधरापर्यंत खोल हवा. शेजारचाच बंद पडलेला बोअर पायझोमीटर म्हणून दाखवला जातो आणि तिथे फसगत होते : पंप चालू असताना त्यातली पातळीही खाली ओढली जाते आणि आकडे भीतीदायक दिसतात. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आतल्या नव्या विहिरीला बंधनं आहेत, तीही पाहून घ्या.

छतावरचं पाणी जिरवून भरपाई होईल अशी आशा बरेच जण धरतात. मोजून बघू. १,००० चौरस मीटर छत, ६०० मिलिमीटर पाऊस, ८० टक्के पाणी हाती आलं तर ४८० घनमीटर. तुमचा वर्षाचा उपसा २५ घनमीटर गुणिले ३०० दिवस, म्हणजे ७,५००. छत त्यातलं जेमतेम साडेसहा टक्के परत देतं. ते करायलाच हवं, पण खरी बचत फळं धुण्याचं शेवटचं पाणी गाळून पहिल्या धुण्याला वापरण्यात आहे.

प्रश्न : सीएनसी वर्कशॉपमधलं जुनं तेल भंगारवाल्याला देतो. त्यात काही चूक आहे का? — वर्कशॉप मालक, भोसरी

आहे. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत ५.१ या वर्गात येतं. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारालाच द्यावं लागतं. साठवण ९० दिवसांपेक्षा जास्त नको. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असणाऱ्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं, पण ती मागावी लागते. पिंप छपराखाली, पक्क्या लाद्यांवर आणि सांडलं तर अडेल अशा कठड्याच्या आत ठेवा. प्रत्येकावर नमुना ८ चं लेबल हवं. माल जाताना नमुना १० चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची पावती) करा. सात रंगांच्या प्रतींतली पिवळी तुमच्याकडे राहते आणि निळी स्वीकारणाऱ्याकडून सहीनिशी परत यायला हवी. निळी आली नाही, तर तेल कुठे गेलं याचा कायदेशीर पुरावा तुमच्याकडे नाही. कूलंटचं (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) पाणी गटारात सोडू नका. तेलकट चिंध्याही कचराकुंडीत टाकू नका.

प्रश्न : दोन सल्लागारांनी दर दिले, एकाचा दुसऱ्याच्या निम्मा. निवड कशी करावी? — लघुउद्योजक, नाशिक

काम कोणतं ते आधी ठरवा. आघात मूल्यांकन अहवाल हवा असेल तर सल्लागार संस्थेकडे नॅबेटची (अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता लागते, आणि ती तुमच्याच क्षेत्रासाठी, तुमच्याच वर्गासाठी हवी. खाणीची मान्यता असलेली संस्था रसायन कारखान्याचा अहवाल करू शकत नाही. यादी सार्वजनिक आहे, मुदतही तिथे दिसते. नुसत्या संमतीपत्राच्या अर्जाला मात्र अशी मान्यता लागत नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या नॅबल या मंडळाची मान्यताही चाचणीनिहाय असते. प्रमाणपत्र मागताना त्यासोबतची व्याप्ती मागा, त्यात बीओडी, चिमणीचे कण असं जे तुम्हाला हवं ते आहे का बघा.

मग दोघांनाही एकच काम द्या : तुमच्या कारखान्याचा पाण्याचा ताळेबंद मांडा. ४० घनमीटर ताजं पाणी, त्यातलं १२ वाफेत, २० सांडपाण्यात, ४ घरगुती वापरात, असा कागद कुणी आणला तर उरलेले ४ घनमीटर कुठे गेले ते विचारा. अर्ज परत येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे, की संमतीपत्राच्या अर्जात एक आकडा, भूजलाच्या अर्जात दुसरा आणि प्रकल्प अहवालात तिसरा. जो सल्लागार बॉयलर, कूलिंग टॉवर आणि मीटर बघायला स्वतः येतो, त्याचा दर जास्त असला तरी तोच परवडतो.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या. पोर्टलचं खातं तुमच्या ई-मेल आणि मोबाइलवर असेल. मोजमापाच्या कच्च्या नोंदी, यंत्रांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो तुम्हाला मिळतील. मंडळाच्या शंकांना उत्तर देण्याचं काम याच शुल्कात धरलेलं असेल. यातली पहिली सर्वांत महत्त्वाची. सल्लागार बदलल्यावर पासवर्ड मिळत नाही आणि शंकेला उत्तर देण्याची मुदत निघून जाते, असं फार वेळा घडतं.

प्रश्न : वर्षभरातल्या कोणत्या तारखा चुकवू नयेत? — व्यवस्थापक, बुटीबोरी

पर्यावरण मंजुरी असेल तर अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, नमुना ४, ३० जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र, नमुना ५, ३० सप्टेंबरपर्यंत. संमतीपत्र संपण्याची तारीख आणि नूतनीकरणाचा अर्ज किती दिवस आधी करायचा ते आदेशातच असतं. अर्जानंतर चार महिन्यांत मंडळानं ना दिलं ना नाकारलं, तर जल कायद्याच्या कलम २५(७) प्रमाणे संमती मिळाली असं मानलं जातं, पण त्यासाठी अर्ज पूर्ण होता आणि शुल्क बरोबर भरलं होतं हे दाखवता आलं पाहिजे. प्रत्येक अर्जाची पोच त्याच दिवशी उतरवून ठेवा आणि तिची छापील प्रत संमतीपत्राच्याच फायलीत लावा. बँक गॅरंटी दिली असेल तर तिचीही मुदत त्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहा.